तार कुठं जोडलीय, विचारा!

आम्ही तिघी जावा. रानडुकरं शेत लोळवायची, म्हणून कडेनं झटका मशीनची तार ओढली. गाई-शेळ्याही तिच्याच आत चरतात. गाईनं एकदा तारेला नाक लावलं, दचकली. पुन्हा तिकडं फिरकली नाही.

मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. तारेत काही हजार व्होल्ट येतात, पण साधारण सेकंदाला एकदा, निमिषभर. म्हणून झटका बसला तरी हात सुटतो. घरच्या लायनीचा 230 व्होल्टचा करंट सलग वाहतो. हात आखडून तारेलाच चिकटतो, जीव जातो.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या शिवारात कुणी कुंपणाला थेट लाइन जोडली. सकाळी आमची शेळी तारेपाशी मरून पडलेली. सासूबाई उचलायला धावल्या. आम्ही ओरडून थांबवलं. लाइन बंद झाल्यावरच जवळ गेलो. अशी जोडणी गुन्हा आहे.

आमचे नेम साधे. आधी मशीन बंद, मग विळा. पावसाळ्यात तारेला टेकलेलं गवत काढायचंच, नाहीतर झटका जमिनीत मुरतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईपाशी पाणी ओतायचं. तारेवर पाटी लावायची, पोरांना समजावायचं.

तार पुरुष ओढतात, पण गवताला, गुरांमागं तिथं आपणच जातो. म्हणून आज घरी विचारा, तार मशीनला जोडलीय की लायनीला? लायनीला असेल, तर ती काढेपर्यंत गप्प बसू नका.