पंचहौदचा चहा आणि पेलोसींचं कम्युनियन

राळेगावातून बोलतोय, मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या.

मे 2022. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप कॉर्डिलिओनी यांनी नॅन्सी पेलोसींना कळवलं, की तुम्ही गर्भपाताच्या हक्काची बाजू घेता, तेव्हा कम्युनियन घ्यायला येऊ नका. पेलोसी तेव्हा तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती. कम्युनियन म्हणजे मिस्सेत मिळणारी ती पातळ भाकर. आपल्याला प्रसादासारखी वाटेल, पण कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीरच. म्हणजे शिक्षा साधी नाही. गंमत बघा, आदल्याच वर्षी बायडन पोप फ्रान्सिसना भेटून आले आणि म्हणाले, पोपनी मला कम्युनियन घेत राहायला सांगितलं. चर्च एकच, उत्तरं दोन.

हे ऐकून आपण ‘त्यांचं ते बघतील’ म्हणतो. पण असं आपल्याकडे घडून गेलंय. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये कार्यक्रम होता. चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसताच समोर ठेवला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्यांनी, हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आणली. झालं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, चौकशी, ग्रामण्य. ग्रामण्य म्हणजे भटजी दारात येणार नाही. मुंज, लग्न, श्राद्ध सगळं अडणार. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं, आणि मग सुधारकांचीच बोलणी खाल्ली. एका कप चहापायी!

माझं मत सांगतो. कम्युनियन कुणाला द्यायचं हे चर्चनंच ठरवावं, सरकारनं त्यात पडू नये. पण हक्क आहे म्हणून तो कसाही वापरला तर चालतं का? 2018 मध्ये याच चर्चनं फाशी अमान्य असल्याचं आपल्या शिकवणीत लिहिलं. फाशीला पाठिंबा देणाऱ्या नेत्यांच्या बाबतीत मात्र एवढा आग्रह दिसत नाही. मग नियम पापाचा आहे की एका बाजूच्या राजकारणाचा, अशी शंका येणारच ना?

दुसरं, आपल्याकडे गर्भपाताचा कायदा 1971चा आहे. समजा उद्या त्यात बदल आला आणि वसईच्या एखाद्या कॅथलिक खासदाराला मत द्यायचंय. त्याला निवडून देणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळे आहेत. त्याची भाकर अडवली तर दबाव त्याच्यावर येतो, पण मत तर त्या सगळ्यांचं आहे. मला खटकतं ते हे.

आणि अडवणूक देवळाच्या, चर्चच्या दारापाशी थांबते का? मुंबई राज्यानं 1949 मध्ये धार्मिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. बोहरा समाजाचे प्रमुख सय्यदना कोर्टात गेले आणि 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा तो रद्द केला. बहिष्कृत करणं हा धर्माचा अंतर्गत मामला, असं बहुमत. पण बहिष्कृत माणसाला दफनाची जागाही मिळत नसेल तर? 2023 मध्ये कोर्टानं तो निकाल पुन्हा तपासायला नऊ न्यायाधीशांकडे पाठवला. दरम्यान महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016चा कायदा आणला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पेलोसींची भाकर या कायद्यात बसणार नाही, आणि बसूही नये. रानड्यांच्या काळातलं ग्रामण्य मात्र नक्की बसलं असतं.

तुमच्या गावात जातपंचायतीनं मतदानावरून कुणाचं लग्नकार्य अडवलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही.