साइट चालू आहे, पण कुणासाठी?

कामाचे दिवस आहेत, कुणी रेडिओ बांधावर ठेवून ऐकत असाल, कुणी भाकरी थापता थापता. हात चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या.

आमच्या गटातल्या एक मावशी गेल्या वर्षी एका फॉर्मसाठी तीन वेळा सेतू केंद्रात गेल्या. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. तिन्ही दिवस रोजगाराचा खाडा. संगणकाच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि सेतूवाला दादा म्हणायचा, "सर्व्हर डाऊन आहे मावशी, उद्या या." शेवटी आम्ही हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "ताई, आमच्याकडे तर साइट चालू दाखवतेय."

मावशी म्हणाल्या, "मग आम्ही काय खोटं बोलतो का?" खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे आम्हाला गटातल्याच एका ताईंच्या लेकीनं समजावलं. ती पुण्यात नोकरी करते आणि तिचं कामच वेबसाइटवर नजर ठेवायचं आहे. म्हणजे दिवसभर ती पडद्याकडे बघत बसत नाही. ते काम सॉफ्टवेअरचे एजंट करतात.

एजंट म्हटल्यावर आपल्याला विमावाला आठवतो. पण तुम्ही पिग्मी एजंट डोळ्यांपुढे आणा. रोज ठरल्या वेळी दारात येतो, पैसे घेतो, डायरीत लिहितो, पुढच्या दारात जातो. सॉफ्टवेअरचा एजंट म्हणजे असाच फेरी मारणारा छोटासा प्रोग्राम. दर मिनिटाला, नाहीतर दर पाच मिनिटांनी तो वेबसाइटचं दार वाजवतो आणि उत्तर किती सेकंदात आलं ते लिहून ठेवतो. उत्तर आलं नाही किंवा फार उशिरा आलं, तर तिथल्या माणसाच्या फोनवर निरोप पाठवतो, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. दुसरा एक एजंट सर्व्हरच्या आतच बसलेला असतो. मशिनवर ताण किती, जागा किती उरली, हे तो मोजतो.

वेळ नेमका कुठं जातो, हेही त्यातून कळतं. आपण दळण घेऊन गिरणीत जातो तेव्हा एक वेळ चालण्याचा, एक नंबर लागण्याचा आणि एक प्रत्यक्ष दळण्याचा. घरी यायला दोन तास लागले एवढंच सांगितलं, तर दोष रस्त्याचा, गर्दीचा की गिरणीचा हे कसं कळणार? वेबसाइटचंही तसंच. पत्ता शोधायला किती, जोडणी व्हायला किती, तिकडून पहिलं अक्षर यायला किती, पान पूर्ण उमटायला किती, हे वेगवेगळं मोजता येतं.

मग एवढं सगळं असताना मावशींचा फॉर्म का अडला? त्या साइटचं आतलं आम्हाला ठाऊक नाही. पण लेकीनं सांगितलं की पुष्कळ ठिकाणी एजंट फक्त पहिलं पान उघडून बघतो, आणि तेही मोठ्या शहरातल्या जोरदार इंटरनेटवरून. पहिलं पान उघडलं की हिरवा दिवा. आपलं काम अडतं ते पुढं, ओटीपीपाशी, नाहीतर कागद चढवताना. ओसरीवर दिवा लागलाय म्हणून स्वयंपाकघरातही उजेड असेल, असं थोडंच आहे! चांगला एजंट लॉगिनपासून पावती मिळेपर्यंतची सगळी वाट चालून बघतो आणि वेगवेगळ्या गावांहून, साध्या मोबाइल नेटवर्कवरूनही बघतो.

आणखी एक फसवणूक सरासरीची. समजा दहा जणींनी साइट उघडली. नऊ जणींना दोन-दोन सेकंद लागले आणि दहावीला बेचाळीस. सरासरी येते सहा सेकंद. कागदावर बरी दिसते, पण त्यात ती दहावी कुठं दिसत नाही. म्हणून जाणकार लोक सरासरीबरोबर सगळ्यात मागं राहिलेल्यांचा वेळही बघतात. "साइट वर्षात 99 टक्के चालू असते" हेही असंच. उरलेला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. ते नेमके मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आले तर?

आणि हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 ला आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट सुरू झाली. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली! दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरांना दिसलं की कुठं काय अडतंय ते एका जागी दाखवणारा फलकच नाही. तो त्यांनी आधी उभा केला आणि मग एकेक दोष काढत गेले. पान उघडायला सरासरी आठ सेकंद लागायचे, ते डिसेंबरपर्यंत एका सेकंदाच्या आत आले.

आपल्याकडं असा फलक नाही. पण वही आहे, आणि गटाचं इतिवृत्त लिहून लिहून हातही बसलेला आहे. आम्ही सेतूत एक वही ठेवली. तारीख, घड्याळातली वेळ, कुठल्या पायरीवर अडलं, किती वेळ थांबलो आणि पडद्यावर कोणता आकडा आला, एवढंच लिहायचं. तो आकडा महत्त्वाचा बरं का. 502, 503, 504 असा पाचानं सुरू होणारा असेल तर अडचण तिकडची. 404 म्हणजे ते पानच सापडलं नाही, पत्ता पुन्हा तपासा. आणि लिहिण्याआधी त्याच फोनवर दुसरी एखादी साइट उघडून बघा. तीही उघडली नाही, तर रेंज आपलीच गेलेली आहे. आमच्याकडून सुरुवातीला तीनचार नोंदी अशाच चुकीच्या झाल्या, त्या खोडाव्या लागल्या.

पंधरा दिवसांत वहीत दिसलं की अकरा ते दोन या वेळात ओटीपीची पायरी हमखास अडते, आणि सकाळी सातच्या आत बहुतेक फॉर्म जातात. सेतूवाल्या दादानं आठवडाभर लवकर उघडायचं कबूल केलं. मावशींचा फॉर्म एका सकाळी पावणेसातला गेला. पावती हातात आल्यावर त्यांनी ती दोनदा वाचून घेतली.

वहीची नक्कल जोडून आम्ही लेखी तक्रारही दिली. या वेळी "चालू दाखवतेय" असं उत्तर आलं नाही. कोणत्या तारखा, कोणती पायरी, असं त्यांनी उलट विचारलं. पुढं मुदत वाढली. ती आमच्या वहीमुळं वाढली असं आम्ही म्हणणार नाही, तक्रारी सगळीकडूनच गेल्या असतील.

आता ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपापली वही आणावी. रकाने कसे आखायचे ते आम्ही तिथं दाखवू. आणि ज्यांच्या घरी घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायची सवय आहे, त्यांनी वेळ फोनवरची लिहा.