लेखकाची पट्टी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘आडत’ असा एकच शब्द सांगितला. त्यांना वाटले, मोंढ्यातले काहीतरी ऐकायला मिळणार. मोंढा येईलच, पण आज ज्या मालाची आडत सांगायची आहे तो पोत्यात मावत नाही. तो लेखकाचा माल आहे. माझी शाळा सातवीत सुटली. लेखकांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पट्टी मात्र वाचता येते, आणि तेवढ्याच बळावर मी उभा आहे.

लातूरला सोयाबीन विकले की शेतकऱ्याच्या हाती एक कागद पडतो. वर मालाची रक्कम, मध्ये हमाली, तोलाई अशी कपात, आणि सर्वांत खाली हाती येणारा आकडा. माझ्याबरोबर पोती उचलणारे एक म्हातारे हमाल म्हणत, पट्टी नेहमी खालून वर वाचावी. आधी काय उरले ते पाहावे, मग कोणी काय नेले ते.

त्याच म्हाताऱ्यांचा मुलगा आज अमेरिकेत आहे. मराठवाड्याचा पाऊस, पीक, भाव यांवर तो दर आठवड्याला एक पत्र लिहितो. ईमेलने ते वर्गणीदारांकडे जाते. याला न्यूजलेटर म्हणतात. वर्गणी महिना पाच डॉलर. मध्यंतरी त्याचा फोन आला : “काका, सबस्टॅकवाले दहा टक्के घेतात. हे फार झाले का?” मी म्हटले, पट्टी वाच.

त्याने वाचली, मी लिहून घेतली. पाच डॉलरांतून सबस्टॅकचे दहा टक्के, म्हणजे पन्नास सेंट. पैसे वसूल करणारी कंपनी निराळी, तिचे नाव स्ट्राइप. ती २.९ टक्के घेते, आणि वर प्रत्येक व्यवहारामागे ठराविक तीस सेंट. शिवाय वर्गणी पुनःपुन्हा वसूल करायची म्हणून ०.७ टक्के आणखी. बेरीज केली तेव्हा अठ्ठ्याण्णव सेंट गेले. हाती उरले ४ डॉलर २ सेंट. बोलायला दहा टक्के, आणि पट्टीवर जवळजवळ वीस!

मंडळी, या तीस सेंटांकडे नीट पाहा. टक्केवारी लहान-मोठ्याकडून सारख्या प्रमाणात घेते. ठराविक आकडा लहानालाच चावतो. तेच साठ डॉलर वर्षाचे एकदम घेतले, तर तीस सेंट बारा वेळा न जाता एकदाच जातात, आणि एकूण कपात सुमारे चौदा टक्क्यांवर येते. पण वर्षाचे पैसे एकदम कोण देणार? ज्याच्या गाठीला आहेत तो. महिन्याच्या महिन्याला देणारा वाचक गरीब, आणि त्याच्याच वर्गणीतून मधले लोक अधिक नेतात. हातगाडीवाल्याला साखर पावशेराने महाग पडते, त्यातलाच हा प्रकार.

पूर्वी आपल्याकडे वर्गणी मनीऑर्डरीने येई. वीस रुपयांमागे एक रुपया टपालखाते घेई. पण तो पाठवणारा देत असे. संपादकाच्या हाती वीसचे वीस पडत. कपात कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न कपात किती या प्रश्नाइतकाच मोठा आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, त्यामागे हेच होते. (खरेदीदाराने ती भावातून वळती करून घेतली तर काय, हे मोंढ्यात बसणाऱ्यांना मी सांगायला नको.) १९६९ च्या माथाडी कायद्यातही हीच मेख आहे. हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीची, बोनसची लेव्ही मजुरीतून कापायची नाही; मालकाने ती मजुरीवर वेगळी भरायची.

मग दहा टक्के घेणारा सबस्टॅक लुटारू आहे काय? मी तसे म्हणणार नाही. पत्रे पोहोचवणे, हिशेब ठेवणे, नवे वाचक दाखवणे, ही कामे आहेत आणि कामाला मोल असते. घोस्ट नावाची दुसरी व्यवस्था टक्का घेत नाही, दरमहा ठराविक भाडे घेते. दहा वर्गणीदार असणाऱ्याला भाडे जड, टक्का हलका. हजार वर्गणीदार झाले की तोच टक्का महिन्याला पाचशे डॉलर होतो. काम मात्र शंभरपट वाढलेले नसते.

मी त्या मुलाला टक्क्यापेक्षा दुसरेच विचारले. “उद्या दहाचे पंधरा केले, तर तुला तुझी गिऱ्हाइके घेऊन उठता येईल का?” तो म्हणाला, वाचकांची यादी त्याला उतरवून नेता येते आणि स्ट्राइपचे खातेही त्याच्या नावाचे आहे. मग बरे. पण जो वाचक ॲपलच्या दुकानातून वर्गणी भरतो, त्याची वर्गणी ॲपलपाशीच अडकते, ती दुसरीकडे नेता येत नाही. ॲपलचा नेहमीचा दर पहिल्या वर्षी तीस टक्के, पुढे पंधरा. अशा ठिकाणी आडत्याच गिऱ्हाइकाचा मालक होतो.

नांदेड-लातूरच्या लेखकाची अडचण याच्याही अलीकडची. २०२४ मध्ये स्ट्राइपने भारतात नवी खाती केवळ निमंत्रणावर देण्याचे ठरवले, म्हणून इथल्या होतकरूला त्या मोंढ्याच्या फाटकावरच थांबावे लागते. तो आपला यूपीआयचा चौकोन वाचकांना धाडतो. जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला शुल्क नाही. शंभराचे शंभर पडतात. मात्र कोणाची वर्गणी संपली, कोणाला आठवण करायची, ही वही रात्री त्यानेच लिहायची. ही मजुरी पट्टीवर दिसत नाही. आमच्या संघटनेच्या पत्रकाची वही मी अकरा वर्षे लिहिली आहे, म्हणून सांगतो.

आता कायद्याचे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची; ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. तीत प्लॅटफॉर्म-कामगार हा शब्द आहे. मध्यस्थ कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याणनिधीला द्यावेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाहीत, अशी तरतूद आहे. धंद्यांच्या यादीत टॅक्सी आणि जेवण पोहोचवणे आहे, हे सर्वांना ठाऊक असते; त्याच यादीत ‘आशय आणि माध्यम सेवा’ हेही शब्द आहेत, ते थोड्यांनी वाचले. वर्गणीवर लिहिणारा त्यात बसतो की नाही, यावर वकील भांडतील. माझ्या मते भांडायला जागा आहे. १९६९ पूर्वी हमालालाही कोणाचा नोकर म्हणायचे, यावर असेच भांडण होते.

त्या मुलाने गेल्या महिन्यापासून एक केले. पत्राच्या तळाशी तो आपली पट्टी छापतो : वर्गणी पाच डॉलर, अमक्याने इतके नेले, तमक्याने इतके, मला इतके. वाचकांतून काही जणांनी आपणहून वर्षाची वर्गणी भरली. वडिलांना त्याने तो कागद छापून धाडला. म्हाताऱ्यांनी चष्मा लावला आणि खालून वाचायला सुरुवात केली.