बाळाची कवटी आणि संगणक



डोके गोल व्हावे म्हणून बाळास मोहरीची उशी देण्याची आणि टाळू तेलाने भरण्याची रीत कंधार परिसराला नवी नाही. तीमागे निरीक्षण आहे. तान्ह्या बाळाची कवटी एकसंध नसते; तिची हाडे शिवणींनी जोडलेली असून मेंदू वाढेल तशी ती वाव देत राहतात. मात्र दोन-अडीच हजार जन्मांमागे एखाद्या बाळाची शिवण अकाली सांधली जाते. रुडॉल्फ विर्शो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्येच दाखविले की, अशा वेळी शिवणीच्या काटकोनातील वाढ खुंटते आणि कवटी दुसऱ्या दिशेने वाढते. माथ्यावरची उभी शिवण मिटल्यास डोके अरुंद व लांबट होते. ही शिवण उशीने सुटत नाही.

शल्यविशारद ती मोकळी करतात. काही रुग्णालयांत तेथे स्प्रिंग बसवून हाडे हळूहळू फाकवितात व काही महिन्यांनी ती काढतात. स्प्रिंग किती ताकदीची आणि कोठे, हा प्रश्न पूर्वी केवळ अनुभवावर सोपविलेला असे. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय व युनिव्हर्सिटी कॉलेज येथील संशोधकांनी सीटी स्कॅनवरून कवटीची संगणकीय प्रतिकृती तयार केली. बारूळच्या धरणासारख्या बांधकामाचे असंख्य लहान भाग कल्पून प्रत्येकावरील ताण काढण्याची अभियंत्यांची जी पद्धत आहे, तीच येथे हाडास लावली. छेद वा स्प्रिंग बदलल्यास आकार कसा होईल, हे पडद्यावर आधी पाहता येते. अर्थात धरणाची भिंत वाढत नाही, बाळाचे हाड रोज वाढते. म्हणून हे उत्तर अंदाजच राहते.

सारे गणित वयाचे आहे. पहिल्या सहा महिन्यांत हाड पातळ व लवचीक असते. वर्ष उलटल्यावर बहुधा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. दोन भेटींच्या मध्येच हे मोलाचे सहा महिने निघून जाऊ शकतात! आशा कार्यकर्ती मात्र पहिल्या ४२ दिवसांत अनेकदा घरी येते. तिने डोके वरून न्याहाळावे. केवळ फीत पुरत नाही, कारण घेर योग्य असूनही आकार बिघडलेला असू शकतो. एका कुशीवर निजल्याने आलेला चपटेपणा निराळा व बहुधा निरुपद्रवी असतो. तो भेद डॉक्टरांनी ठरवावयाचा. त्यासाठी बाळास कंधारच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि गरज पडल्यास नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेता येते.