‘आधी सेटल हो’ या अटीचा फेरविचार



विशी ते तिशी या वयासाठी आपल्या घराघरांत एक वाक्य ठरलेलं आहे: आधी सेटल हो, मग बाकीचं बघू. या ‘बाकीच्या’त मैत्री, प्रेम, लग्न, घरच्या निर्णयांत मत देणं, गावच्या कामात हात घालणं असं सगळंच येतं. माझं म्हणणं असं, की हा क्रमच चुकीचा आहे. माणसं जोडण्याची, अपयश चारचौघांत मान्य करण्याची, दुसऱ्याची जबाबदारी उचलण्याची कुवत नेमणुकीची ऑर्डर हातात पडली म्हणून अंगी येत नाही. ती याच वर्षांत, रोजच्या व्यवहारातून घडते. आणि नेमकी हीच वर्षं आपण तहकूब ठेवायला सांगतो.

हे जिथे सर्वांत ठळक दिसतं ते ठिकाण आपल्यापासून लांब नाही. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. कॉटबेसिसवरची खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. टेबलावर पुस्तकांची चळत आणि समोर चिकटवलेलं वेळापत्रक. त्या वेळापत्रकात चालू घडामोडींना तास असतो, मित्राला फोन करायला नसतो. दिवाळीला गावी जाणं अनेक जण टाळतात, कारण ‘काय झालं रिझल्टचं?’ हा प्रश्न दारातच उभा असतो. मुलींवर आणखी एक मुदत असते: यंदा पोस्ट निघाली नाही तर स्थळं बघायची. राज्यसेवेला खुल्या गटासाठी कमाल वय ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. उशिरा शिक्षण मिळालेल्यांना संधी राहावी म्हणून ही सवलत रास्तच आहे. पण त्यामुळे कधी थांबायचं हे ठरवण्याचा भार एकट्या उमेदवारावर पडतो, आणि तो हलका करायला घर, महाविद्यालय, क्लास यांपैकी कुणीच पुढे येत नाही.

आपल्या मानसशास्त्राने या ‘आधी’ला नकळत बळ दिलं, हेही सांगायला हवं. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांत आधी स्वतःची ओळख आणि मग तारुण्यात जवळीक की एकाकीपणा, असा क्रम आहे. पालकांच्या अटीला हे फार सोयीचं वाटतं. पण एरिक्सन यांच्याच मांडणीत प्रत्येक टप्प्याचा प्रश्न बाकीच्या टप्प्यांतही कोणत्या ना कोणत्या रूपात हजर असतो. एक खातं बंद केल्यावरच दुसरं उघडायचं, असं ते म्हणत नाहीत. १९८२ मध्ये कॅरल गिलिगन यांनी दाखवलं, की हे नमुने मुख्यतः पुरुषांच्या आयुष्यावर बेतलेले आहेत. स्त्रियांच्या बाबतीत ओळख आणि नाती एकमेकांत गुंतूनच वाढतात. मला तर हे मुलांनाही लागू वाटतं. आपण कोण, हे कुणाशी तरी जवळून वागल्याशिवाय कळायचं कसं?

जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला स्वतंत्र टप्पा मानलं आणि शोध घेणं हे त्याचं मोठं लक्षण सांगितलं. अभ्यासिकेतल्या तरुणाकडे बघून ‘तो शोधच घेतोय’ असं म्हणणं मात्र मला पटत नाही. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतली एक म्हणजे पर्याय न तपासताच वाट पक्की करणं. ‘आमचा मुलगा कलेक्टर होणार’ हे दहावीलाच ठरतं, तेव्हा बहुतेकदा हेच घडतं. पुढची सहा-सात वर्षं प्रयत्नांची असतात, शोधाची नसतात.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला सरकारी नोकरी हाच सुरक्षिततेचा मार्ग असताना त्याच्याशी भावनिक विकासाच्या गोष्टी करणं ही पोट भरलेल्यांची चैन नाही का? नोकरीची गरज मी तसूभरही कमी लेखत नाही. पण ज्याच्यामागे पैसा नाही, त्याला अपयशात सावरायला माणसंच लागतात. त्याची नाती तोडून तयारी करायला लावणं त्यालाच सर्वांत महाग पडतं. हार्वर्डमधला १९३८ साली सुरू झालेला दीर्घ अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्याही मागे अनेक दशकं राहिला. उतारवयातल्या आरोग्याशी आणि समाधानाशी जिव्हाळ्याच्या नात्यांचा घट्ट संबंध त्यात दिसला. मूळ गट अमेरिकी गोऱ्या पुरुषांचा, तेव्हा तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही; पण नाती म्हणजे श्रीमंतांचं लेणं, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: आमची लग्नं विशीत झाली, आम्ही घडलोच की. लग्नाने दर्जा मिळतो, परिपक्वता मिळतेच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरापूर्वी झालेलं आढळलं. त्यांच्यावर संसाराची जबाबदारी आली, म्हणून निर्णयाचा अधिकारही मिळाला असं नाही. लग्न पुढे ढकलणं आणि लवकर उरकणं, दोन्हींत ठरवणारे दुसरेच असतात.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हे तरुण अपरिपक्व आहेत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. राज्यसेवेची नवी वर्णनात्मक परीक्षापद्धत पुढे ढकलावी म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात जे विद्यार्थी आंदोलनाला बसले, त्यांनी मागणी एकमुखाने मांडली, ती राज्यभर पोचवली आणि राज्य लोकसेवा आयोगाने ती पद्धत २०२५ पासून लागू करण्याचं जाहीर केलं. मागणीबद्दल मतभेद असू शकतात. एकमेकांवर विश्वास ठेवून निभावून नेण्याची ताकद मात्र तिथे उघड दिसली. तिला एरवी वाव मिळत नाही.

म्हणून या परिषदेकडे माझ्या दोन मागण्या आहेत. उमेदवार समुपदेशनाला येतो तेव्हा पहिल्याच भेटीत अभ्यासाचे तास आणि एकाग्रता यांच्याआधी विचारावं: महिन्याभरात मनातलं कुणाशी बोललास, कुणाच्या अडचणीला धावून गेलास, घरी खरं काय सांगितलंस? आणि दुसरी, जी मला अधिक निकडीची वाटते: निवड झालेल्यांचे सत्कार गावोगाव होतात, पण तयारी सोडून परतलेल्यांचं पुढे काय झालं हे आपण शोधावं. कुणी दुकान टाकलं, कुणी शाळेत लागलं, कुणी पुन्हा शेतीत उतरलं. त्यांतले कोण कशाच्या आधाराने उभे राहिले, हे त्यांच्याकडूनच ऐकून नोंदवण्याचं काम जिल्हा शाखांनी याच वर्षी हाती घ्यावं. त्यासाठी लागणाऱ्या प्रश्नावल्या बोली मराठीत तयार करायला आजच्या दुपारच्या सत्रातच सुरुवात करू.