जन्म वाढले, प्रजननदर घटला
इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२४ साली ५,९४,६७७ बाळे जन्मली. आदल्या वर्षापेक्षा किंचित जास्त. तरीही प्रजननदर १.४१ या नीचांकावर उतरला. जन्म वाढले ते परदेशात जन्मलेल्या आईवडिलांमुळे. यावरून ‘देशच बदलून जाईल’ अशी भीती काहीजण व्यक्त करतात. ती मला पटत नाही. या आकडेवारीत आईवडिलांचा जन्मदेश मोजला जातो, नागरिकत्व नव्हे. पुण्यात जन्मून बालपणीच लंडनला गेलेला ब्रिटिश नागरिकही तिथे ‘परदेशात जन्मलेला’च ठरतो. नव्या कुटुंबांमुळे घरांवर, प्रसूतिगृहांवर ताण येतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण त्याच लंडनमध्ये पटाअभावी प्राथमिक शाळा बंद पडत आहेत, हेही विसरू नये. शिवाय स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीचा प्रजननदर स्थानिकांच्या जवळ येत जातो. त्यामुळे वाढत्या वृद्धांचा प्रश्न एकट्या स्थलांतराने सुटणार नाही.