हात धुवायला पाणी कोण आणील?

(जव्हार इथे भरलेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या बाया, आशा आणि अंगणवाडीताई मेळाव्याला आल्या होत्या.)

साथ आली की शरीर कसं सांभाळायचं आणि मन कसं थाऱ्यावर ठेवायचं, यावर मी बोलावं असं मला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. या भागातल्या पाड्यांवर बरीच वर्षं फिरणारी एक कार्यकर्ती आहे. म्हणून सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये मी एका पाड्यावर पत्रक वाचून दाखवायला गेले. साबणाने वीस सेकंद हात धुवा, अंतर ठेवा, घराबाहेर पडू नका. वाचून झालं. एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती, ती म्हणाली, "बाई, घरात बसलो तर पाणी कोण आणील? आणि पाणीच नाही तर हात कशानं धुवायचं?" बाया हसल्या. मीही हसले. पण घरी येताना मला लाज वाटत होती. इतकी वर्षं या बायांच्या डोक्यावरचे हंडे बघत होते, आणि पत्रक वाचताना ते मला दिसलेच नाहीत.

मोखाड्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, वाटीने पाणी भरावं लागतं, टँकर आला की झुंबड उडते. त्या झुंबडीत अंतर कसं ठेवणार? म्हणजे 'हात धुवा' हा सल्ला चुकीचा नव्हता. तो बरोबरच होता. पण तो ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना धरून लिहिला होता. आपल्याकडे आरोग्याचा पहिला प्रश्न पाण्याचा आहे, आणि पाणी आणायचं काम बाईचं आहे.

दुसरा प्रश्न पोटाचा. तुमच्यातल्या वयस्कर बायांना १९९२ साल आठवत असेल. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची शंभरावर मुलं गेल्याची बातमी देशभर गाजली. मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. त्यातून आपण एक गोष्ट शिकायला हवी होती. भरल्या पोटाचं मूल जुलाबातून, गोवरातून, न्यूमोनियातून बहुतेक वेळा उठतं. उपाशी मूल उठत नाही. आणि आजारी पडलं की ते आणखी खंगतं, म्हणजे पुढचा आजार त्याला लवकर गाठतो. साथ येते ती सगळ्यांच्या घरी येते, पण ती आधी उपाशी घरात शिरते.

२०२० मध्ये काय झालं ते आठवा. दिवाळीनंतर आपली माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. जाताना मालकाकडून उचल घेतलेली असते. मार्चमध्ये कामं थांबली. काही जण भट्टीवरच अडकले, काही पोरं कडेवर घेऊन चालत आले. गावात आल्यावर शाळेत चौदा दिवस वेगळं राहायचं. हिशोब अर्धवट, उचल मात्र अंगावर तशीच. सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. बायांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे रुपये आले. पण कार्डावर ज्यांची नावं चढलीच नव्हती, त्यांचं काय? खावटीचे चार हजार, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू, असा निर्णय सप्टेंबर २०२० मध्ये झाला. बायांच्या हातात पडायला २०२१ उजाडलं. भूक कागदाची वाट बघत नाही.

आता एक बारीक गोष्ट सांगते, जी कुठल्या अहवालात चटकन दिसत नाही. २०१५ पासून आपल्याकडे अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण. बाई तिथे बसते आणि तिथेच जेवते. ते ताट तिचं असतं. साथीत अंगणवाड्या बंद झाल्या आणि कोरडा शिधा घरी आला. वर्दळ टाळायची म्हणून ते ठीकच होतं. पण शिधा घरात आला की तो घराचा होतो. एका सात महिन्यांच्या गरोदर बाईला मी विचारलं, "डाळ खाल्लीस का?" ती म्हणाली, "डाळ शिजली, सगळ्यांनी खाल्ली." म्हटलं, "तू?" ती म्हणाली, "पाणी होतं ना वरचं." मैत्रिणींनो, तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. तिची सासू वाईट नव्हती. बाईनं शेवटी जेवायचं हे आपल्या हाडीमासी इतकं भिनलं आहे, की पोटात जीव असतानाही ते सुटत नाही.

आता मनाबद्दल. मनाचा आजार ही शहरातल्या, शिकलेल्या बायांची चैन आहे असं काही लोकांना वाटतं. मलाही थोडं तसंच वाटायचं, हे आज कबूल करते. भट्टीवरून परतलेली एक बाई होती. ती बोलेनाशी झाली. रात्रभर जागी, दिवसा भिंतीकडे तोंड करून पडलेली, पोरांकडे लक्ष नाही. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. शेजारीण म्हणाली, कामचुकार आहे. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अगं, ऊठ, दोन पोरं आहेत तुला, असं करून कसं चालेल?" किती सहज बोलून गेले मी! न्यूमोनिया झालेल्या बाईला आपण 'ऊठ, दम लागू देऊ नकोस' असं म्हणतो का?

तिला माझ्या भाषणाने बरं वाटलं नाही. पाड्यावरच्या तीन बायांनी तिला रोज सकाळी हाक मारून विहिरीवर न्यायला सुरुवात केली. हंडा उचलायचा नाही, नुसतं सोबत चालायचं. पंधराएक दिवसांनी ती वाटेत बोलली. उचल किती अंगावर आहे, नवरा दारूत कसा मारतो, जीव द्यावासा कसा वाटतो. मग आम्ही तिला दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं. कित्येक महिने लागले. औषधही लागलं आणि त्या तिघीही लागल्या. कुणी म्हणेल भगताकडे न्यावं का? मी त्यावर भांडत नाही. एवढंच सांगते, आधी दवाखाना, मग भगत. ताप असो की मनाचं दुखणं.

आता सेवा करणारीबद्दल. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांना वंदन करतो आणि ते करायलाच हवं. पण वंदन करताना मला एक प्रश्न पडतो. दरवेळी साथीत बाईनेच का झिजायचं? आपल्या आशाताई घरोघर फिरल्या, ताप मोजला, शिव्या खाल्ल्या, लसीच्या वेळी लोकांनी दारं लावून घेतली तरी पुन्हा गेल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव छान आहे. पण गौरवाने दळण येत नाही. घरात आजाऱ्याची उठबस करणारी आई, सून, लेक, हिची गोष्टही तीच. तिला कोण विचारतं, तू जेवलीस का, झोपलीस का?

आता करायचं काय? मला जे उपयोगी दिसलं ते सांगते.

पाणी कमी असेल तर डब्याला बारीक भोक पाडून तो टांगा. धार लहान येते, तांब्याभर पाण्यात चार जणांचे हात धुऊन होतात. साबण नसेल तर नाइलाजाने चुलीची स्वच्छ राख चालते. जुलाब सुरू झाले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. मूल थोडं थोडं पीत राहू दे. अंगावर पाजणाऱ्या आईला ताप-खोकला आला तरी पाजणं थांबवू नये, तोंडाला फडकं बांधून पाजावं. आशाताईकडे बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल आणि आकडा ९४ च्या खाली असेल, तर थांबायचं नाही. धाप लागली, ओठ निळे पडले, माणूस बरळायला लागला, तरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा.

रस्ता नाही तिथे गाडी येणार कुठून, हे मला माहीत आहे. २०२२ साली मोखाड्यातल्या एका पाड्यावरच्या बाईला झोळीतून न्यावं लागलं आणि तिची जुळी गेली. म्हणून नववा महिना लागला की बाईला दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे आणून ठेवायचं पाड्याने आधीच ठरवा. आणि रस्त्याची मागणी सोडू नका.

जेवणाचं सांगायचं तर नागली, वरई, उडीद, पावसाळ्यातली शेवळं, टाकळा, कुर्डू, हे गरिबाचं खाणं म्हणून लाजू नका. त्यात ताकद आहे. आणि अंगणवाडी बंद पडली तर गरोदर बाईचा वाटा आधी काढून ठेवायचा. हे सासूबाईंनी करायचं आहे, सुनेला ते मागता येत नाही.

मनासाठी, दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं कुणी म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. १४४१६ हा सरकारचा फुकट फोन आहे, मराठीत बोलता येतं. नवरा मारत असेल तर १८१. आणि साथीत शाळा बंद झाली म्हणून पोरीचं लग्न उरकू नका. लॉकडाऊनमध्ये आश्रमशाळा बंद झाल्या आणि घरी आलेल्या काही पोरी परत शाळेत गेल्याच नाहीत. त्यांना आज मी कडेवर मूल घेतलेल्या बघते.

शेवटचं. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसाचा पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. त्यात आरोग्य आणि स्वच्छताही बसते. ग्रामसभेला बाया गेल्या नाहीत तर पाणी हा विषय शेवटी येतो, आणि तोवर पुरुष उठलेले असतात.

पुढची साथ कधी येईल कुणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा मला पुन्हा त्या पाड्यावर पत्रक घेऊन जावं लागेल. म्हातारी असेल तर ती तोच प्रश्न विचारील. त्याचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. येत्या ग्रामसभेत तुम्ही तो प्रश्न तिच्याच शब्दांत विचारा, आणि उत्तर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.